दाखला मिळेल, पाणी मिळणार नाही

लोक समुद्रासाठी कोकणात जातात. मी समुद्रासाठी आधी भुसावळला गेले, मग धुळ्याला, आणि शेवटी शिरपूरजवळ तापीकाठच्या एका केळीच्या मळ्यात जाऊन राहिले. तेही ऐन मे महिन्यात. असा प्रवास माझ्या माहितीत तरी दुसऱ्या कोणी केलेला नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

मी जळगावच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. शिवाय करिअर मार्गदर्शन कक्षाची प्रमुख आहे, कारण ज्या मीटिंगमध्ये प्रमुख नेमायचा होता त्या मीटिंगला मी गैरहजर होते. हिवाळ्यात या कक्षाकडे कोकणातल्या एका संस्थेचं पत्रक आलं. समुद्रविज्ञानाचं प्रशिक्षण: भरती-ओहोटी मोजायची, खारफुटीची पाहणी करायची, होडीतून जाऊन पाण्याचे नमुने घ्यायचे, त्यातले जीव ओळखायचे. राहणं-जेवण संस्थेचं. चांगलं काम करणाऱ्याला पुढच्या अभ्यासक्रमात थेट प्रवेश. आणि समुद्र नसलेल्या जिल्ह्यांसाठी काही जागा राखीव.

प्राचार्यांनी पत्रक वाचलं आणि विचारलं, "आपल्याकडे समुद्र आहे का?"

"नाही सर."

"मग नोटीस लावून काय उपयोग?"

"नाही म्हणूनच जागा राखीव आहेत, सर."

त्यांनी बराच विचार केला. "लावा," म्हणाले, "पण पाण्याच्या कूलरजवळ लावा."

तिथे ती गायत्रीने वाचली. गायत्री आमच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. वडील एसटीत चालक, आई शिवणकाम करते. ही मुलगी विहिरीच्या पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन तासभर बसायची आणि त्यात वळवळणाऱ्या जिवांची चित्रं काढायची. "मॅडम, एका थेंबात एवढं, तर समुद्रात केवढं असेल?" असं तिने मला एकदा विचारलं होतं. मी पुस्तकातलं उत्तर दिलं. तिचं समाधान झालं नाही, माझंही झालं नाही.

तिची निवड झाली. कॉलेजात पेढे वाटले. पेढ्यांनंतर पत्राची दुसरी बाजू कोणीतरी वाचली. तिथे लिहिलं होतं की उमेदवाराला पोहता आलं पाहिजे. मान्यताप्राप्त तलावाचा दाखला आणावा. शिवाय पहिल्याच दिवशी खोल पाण्यात चाचणी होईल, आणि जो नापास होईल त्याला परत पाठवून प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला बोलावलं जाईल. गायत्रीला पोहता येत नव्हतं. आमच्याकडे पोरं विहिरीत शिकतात, पोरी काठावर कपडे धुतात.

वडिलांनी तिला एवढंच सांगितलं, "तुले जमत व्हई तर जाय. पण अर्धा रस्तामाईन गाडी वापस आनू नको." ड्रायव्हर माणूस, त्यांच्या दृष्टीने याहून मोठी नामुष्की नाही.

जळगाव

पहिला तलाव शहरातलाच. पायऱ्या, कठडे, उडी मारायचा फळा, कपडे बदलायच्या खोल्या, सगळं होतं. तळाशी एक कुत्रं सावली धरून झोपलं होतं. पाणी कधी येणार, असं पहारेकऱ्याला विचारलं तर त्याने आभाळाकडे बोट दाखवलं. तलावाच्या साहेबांच्या खोलीत मात्र कूलरची टाकी काठोकाठ भरलेली होती.

साहेब अतिशय सज्जन. त्यांनी बसायला खुर्च्या दिल्या, चहा मागवला, आणि आम्ही काही बोलायच्या आत खणातून छापील दाखला काढला.

"कुठल्या प्रकारात लिहू? मुलींसाठी मी फ्रीस्टाइल लिहितो. बरं दिसतं."

"सर, मला पोहता येत नाही," गायत्री म्हणाली.

"येत नाही म्हणूनच दाखला लागतो ना, बेटा. ज्याला येतं तो पाण्यात उतरून दाखवील."

खोटं कशाला सांगू, मला हा युक्तिवाद पटला. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि कागद समोर होता. मी गायत्रीला डोळ्यांनी खुणावलं की घे. ती उठली, साहेबांना नमस्कार केला आणि बाहेर आली.

"मॅडम, चाचणीत हा कागद धरून तरंगू का?" ती म्हणाली. "आणि तिथे जमलंच कसंतरी, तरी नंतर होडीतून पडले तर?"

मी रिक्षा बोलावली.

भुसावळ

भुसावळला एका तलावात खरोखरचं पाणी आहे, अशी पक्की बातमी मिळाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने निघालो. नशिराबादला बस गच्च भरली आणि आमच्या शेजारी टोपलीसकट एक आबा येऊन बसले. आमच्याकडे प्रवासात शेजाऱ्याची चौकशी न करणं हा उद्धटपणा समजतात.

"कुठी चालल्या, बाई?"

"भुसावळला. हिला पोहायला शिकवायचंय."

"पव्हाले शिकून पोरगी कुठी जाईन?"

"समुद्रावर. शिकायला."

आबांनी गायत्रीला नीट निरखलं. "समुद्रात मासोळ्या सोडून काय शिकतीन, बापा? आन् मंग लगन?"

"लग्नाला मासोळ्यांना पण बोलवू, आबा," गायत्री म्हणाली. आबा इतके हसले की टोपलीतली काकडी आमच्या हातात आली आणि भुसावळपर्यंत ती मीठ न लावता खावी लागली.

बातमी खरी निघाली. तलाव निळा, पाणी स्वच्छ, औषधाचा वास दारापर्यंत. खिडकीतले गृहस्थ नम्र होते.

"पोहता येतं?"

"शिकायचंय."

"मग मोठ्या तलावात सोडता येत नाही. पोहता येत असल्याचा दाखला आणा."

"आणि शिकवणीचा वर्ग?"

"तो लहान मुलांचा आहे."

"बायकांचा?"

"महिलांना शिकवायला महिला प्रशिक्षक लागतात. पद मंजूर आहे."

"मग त्या कधी येतात?"

"पद मंजूर आहे," ते पुन्हा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात अभिमान होता.

म्हणजे जळगावात पाण्याविना दाखला होता आणि भुसावळात दाखल्याविना पाणी नव्हतं. गायत्री जाळीला नाक लावून आतल्या पोरांचे पाय बघत उभी राहिली. शेवटी स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात बसून शेव-मुरमुरे घेतले. ती खाता खाता टेबलाखाली पाय हलवत होती, ते मला दिसत होतं. तिला जळगावची बस धरायला सांगताना मला फार वाईट वाटलं.

परतीच्या बसमध्ये तिच्या मामांचा फोन आला. हे मामा म्हणजे नाना. शिरपूरच्या बाजूला त्यांची केळी आहे. फोनवर ते ओरडूनच बोलतात, त्यामुळे सगळ्या बसने ऐकलं: "पोरले इकडे धाडा! पाणी मी दखाडसु!"

धुळे

धुळ्याच्या स्टँडवर नाना पिकअप घेऊन उभे होते. बरोबर चार माणसं, गुलाल आणि एक ढोलवाला. मला वाटलं, कोणाची तरी मिरवणूक आहे. ती आमचीच होती.

नानांनी भाचीच्या निवडीची बातमी त्यांच्या एका मित्राला सांगितली होती. या मित्राला सगळे भाऊ म्हणतात. भाऊ येत्या निवडणुकीत उभे राहणार आहेत. कुठल्या पक्षातून ते ठरायचं आहे. चौकात त्यांचा फलक लागला होता. फलकभर भाऊ, हात जोडलेले. त्यांच्या खांद्यामागे निळा समुद्र, समुद्रात उड्या मारणारे डॉल्फिन, आणि एका डॉल्फिनच्या शेपटीपाशी पासपोर्ट फोटोतली गायत्री. वर लिहिलं होतं, "जलतरणपटू सागरकन्या गायत्रीचे हार्दिक अभिनंदन."

"जलतरणपटू कोणी सांगितलं?" मी नानांना विचारलं.

"समुद्रमा जाई ऱ्हायनी म्हणजे पव्हता येतच व्हई ना!" नाना म्हणाले. त्यात त्यांचं काही चुकलं असं त्यांना आजही वाटत नाही.

सत्कार एका मंगल कार्यालयात झाला. शाल, नारळ, आणि एक ट्रॉफी, जिच्यावर क्रिकेटची बॅट होती. भाऊंनी भाषण केलं. "आपल्या धुळे जिल्ह्याला समुद्र नाही," ते म्हणाले, "ही आजवरच्या नेतृत्वाची उदासीनता आहे." टाळ्या पडल्या. "जनतेने संधी दिली तर आम्ही या प्रश्नाचा पाठपुरावा करू." याला आणखी मोठ्या टाळ्या पडल्या. प्रमुख पाहुणी म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी भरती-ओहोटी चंद्रामुळे होते असं सांगायला लागले, तेवढ्यात जेवण तयार असल्याची सूचना आली.

जेवायला शेवभाजी होती. आम्ही जळगावकर हिरव्या मिरचीच्या भरितावर वाढलेलो, त्यामुळे तिखटाची आम्हाला घमेंड असते. धुळ्याच्या त्या तर्रीने ती एका घासात उतरवली. माझे डोळे वाहत होते आणि पंगतीतल्या बायकांना वाटलं की मॅडमना विद्यार्थिनीच्या कौतुकाने भरून आलं आहे. मी तसंच राहू दिलं.

गायत्री जेवली नाही. हात धुताना हळूच म्हणाली, "मॅडम, आधी नापास झाले असते तर घरच्यांना कळलं असतं. आता चौकाला कळेल."

ती घाबरली होती आणि तिला तसं दिसू द्यायचं नव्हतं. मला त्या फलकाचा इतका राग आला की निघताना मी भाऊंना नमस्कारसुद्धा केला नाही. दुपारी बाजारात पोहण्याचा पोशाख घेतला, पूर्ण बाह्यांचा, गडद निळा, दुकानदाराने लहान मुलांच्या खणातून शोधून काढलेला. संध्याकाळी पिकअपमध्ये बसून नानांच्या गावी निघालो.

तापीकाठ

नानांचं शेततळं घराच्या मागेच, केळीच्या बागेला लागून. मोठं, चौकोनी, तळापासून काठापर्यंत काळा प्लास्टिकचा कागद पसरलेला. पाणी ठिबकसाठी. नदीत का नको, असं विचारल्यावर नाना म्हणाले की वाळू उपसून नदीत जिथे-तिथे खड्डे झाले आहेत आणि तळाचा भरवसा राहिलेला नाही.

तळ्याला तारेचं कुंपण होतं आणि कुंपणाच्या आत मामी कधीच गेलेल्या नव्हत्या. मामी म्हणजे नानांच्या पत्नी. उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, पाणीमा पडाले काय लागस? पन हाऊ कागद लई निसरडा शे. मानूस पडस, आनी त्याले वर येता येत नही. आमना वळखीना घरमा व्हयेल शे." पुढे त्यांनी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

म्हणून पहिलं काम नानांनी केलं ते बाहेर यायच्या सोयीचं. चारही बाजूंना गाठी मारलेले जाड दोर सोडले, टायरच्या ट्यूब बांधल्या, एक शिडी उतरवली. तोवर गायत्रीने पाण्याला पायही लावायचा नाही, असा नियम.

दुसरं काम केळीचं. घड उतरवला की केळीचं झाड तोडतात. त्याचा तोडलेला खांब पाण्यात बुडत नाही. या गावची सगळी पोरं त्यावरच शिकतात: खांबाचा दोन हात लांब तुकडा, भोवती दोरी, छातीखाली घ्यायचा आणि पाय मारायचे. "मना बाप बी खांबवरच शिकना, मी बी खांबवरच शिकनू," नाना म्हणाले आणि स्वतः लुंगी खोचून पाण्यात उतरले.

सकाळी तळ्यावर निम्मं गाव जमलं. पोहण्याबद्दल आपल्याकडे प्रत्येकाला मत असतं, विशेषतः काठावरच्याला.

"पाय मार, पोरी, पाय!"

"पाय नको, हात मार!"

"तोंड बंद ठेव!"

"तोंड उघड, दम कसा लेशी?"

गायत्री खांब छातीशी धरून तरंगत होती आणि तिचे डोळे मिटलेले होते. दुपारपर्यंत तिने या काठावरून त्या काठावर जाऊन दाखवलं. गावाने एकमताने निकाल दिला की पोरीला पोहता येतं. नाना भाऊंना फोन लावायला निघाले. मी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

कारण ती पोहत नव्हती, खांब पोहत होता. तो बाजूला केला की ती दगडासारखी खाली जायची आणि नाना तिला वर काढायचे. हे दिवसामागून दिवस चाललं. नवा निळा पोशाख केळीच्या चिकाने पार तपकिरी झाला. तो डाग जन्मात निघत नाही. चाचणीचा दिवस जवळ येत होता. एका दुपारी ती काठावर बसून म्हणाली, "मॅडम, त्यांना कळवून टाका. पुढच्या माणसाला तरी वेळेवर बोलावतील." मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि कोणालाही काही कळवलं नाही.

त्या दिवशी मामींनी पुरणाचे मांडे केले. मांडा हातांवर फिरवत फिरवत मोठा करायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर टाकायचा. मी एक करून बघितला, तो माझ्या कोपरापर्यंत घसरला आणि मी पुरणासकट चुलीपासून लांब पळाले. मामी पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. मग मांडे करता करताच त्यांनी विचारलं, "तो खांब किती जाड शे?"

मी हाताने दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठले तर मामी अंगणात खांब मांडीवर घेऊन बसलेल्या. केळीचा खांब म्हणजे एकावर एक गुंडाळलेली सोपटं. त्यांनी वरचं एक सोपट सोलून काढलं, खांबाला पुन्हा पहिल्यासारखी दोरी बांधली आणि सोपट गायीपुढे टाकलं.

"तिले सांगू नका," त्या म्हणाल्या.

रोज एक सोपट. दोघींशिवाय कोणाला पत्ता नव्हता. गाय मात्र रोज वाट बघत असे. खांब बारीक होत गेला आणि गायत्रीचे पाय जोरात चालू लागले, कारण आता त्यांना चालावंच लागत होतं. तिला वाटलं, खांब उन्हाने सुकतोय. नानांना वाटलं, आपल्या शिकवण्याला गुण आहे. शेवटी शेवटी नुसता पांढरा गाभा उरला, ज्यावर मांजरसुद्धा तरंगलं नसतं. तो छातीखाली घेऊन गायत्री तळ्याच्या मध्यापर्यंत गेली आणि तिथे तो तिच्या हातातून सुटला.

मामी कुंपणाच्या आत आल्या होत्या, दोराचं टोक दोन्ही हातांत धरून. गायत्री एकदा खाली गेली, वर आली, आणि खांबाकडे न जाता समोरच्या काठाकडे निघाली. वेडीवाकडी, पाणी उडवत, मान फार वर काढून. पण निघाली. दोराला हात लागल्यावर ती मागे वळली आणि तरंगणारा गाभा बघून मामींवर ओरडली, "मामी! हाऊ तर नुसता गाभा शे! कसा काय?" मामी तोपर्यंत खाली बसून पदराने डोळे पुसत होत्या. मीही पुसत होते, आणि या वेळी शेवभाजी नव्हती.

त्यानंतर ती खांबाशिवायच उतरू लागली. जायच्या दिवसापर्यंत तळ्याला न थांबता फेऱ्या घालायची.

पुन्हा जळगाव

दाखला अजून घ्यायचा होता. आम्ही ताठ मानेने साहेबांकडे गेलो. कूलर चालू होता, कुत्रं त्याच्या जागी होतं.

"सर, आता मला पोहता येतं," गायत्री म्हणाली.

साहेबांचा चेहरा गंभीर झाला. "खरंच येतं?"

"हो सर."

"मग चाचणी घ्यावी लागेल. नियम आहे. तलावात पाणी आलं की या."

"पाणी कधी येईल?"

त्यांनीही आभाळाकडे बघितलं. मी भांडणार होते. माझा आवाज चढलेला गायत्रीला ओळखू येतो. तिने माझा हात दाबला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाली, "सर, चुकले. मला पोहता येत नाही."

"असं आधी सांगायचं ना, बेटा," साहेब म्हणाले, आणि त्यांनी खण उघडला. फ्रीस्टाइल. उत्तम.

ती एकटीच गेली. वडिलांनी तिला स्वतःच्या हाताने गाडीत बसवून दिलं आणि दुसऱ्या ड्रायव्हरला गाडी कशी चालवायची ते सांगत राहिले. मी घरी येऊन पेपर तपासायला घेतले आणि एकाही पेपरात माझं लक्ष लागलं नाही.

चाचणीच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मागे वारा होता आणि कोणीतरी शिट्टी वाजवत होतं.

"दाखला दिलास?" मी विचारलं. बुद्धी कशी चालते बघा, पहिला प्रश्न मी तोच विचारला.

"सरांनी तो बघितला नाही, मॅडम. सगळ्यांनी आपापला काढला होता. ते म्हणाले, ठेवा पिशवीत आणि उड्या मारा. बरेच जण दोराला धरून राहिले. मी नाही राहिले." ती धापा टाकत होती. "मॅडम, तोंडात पाणी गेलं. खरंच खारट आहे."

मी तिला काय म्हटलं ते आठवत नाही. फोन ठेवला आणि लगेच मामींना लावला. सगळं सांगितलं: तलाव नव्हता, थेट खाडीच होती, सरांनी उडी मारायला सांगितलं, पोरीने मारली, तोंडात खारट पाणी गेलं, पास झाली, आता ठेवून घेणार आहेत. मला वाटलं, फोन कट झाला.

"मामी, ऐकताय ना?"

"ऐकी ऱ्हायनू," त्या म्हणाल्या. "पन ती बाहेर निंघनी ना?"

"निघाली," मी म्हटलं. "एकटीच निघाली."

मग त्यांनी श्वास सोडला आणि खारट म्हणजे किती खारट, ते विचारलं.